दुर्मीळ प्रत आणि दुर्मीळ कृती : ‘ग्रोअर्स ऑफ मश्रूम’विषयी

एखादी कृती निघते, खपत नाही, विस्मरणात जाते आणि वीस-पंचवीस वर्षांनी तिच्या उरल्यासुरल्या प्रतींना सोन्याचा भाव येतो. अशा वेळी मूल्य कशाचे वाढलेले असते, कृतीचे की प्रतीचे? साहित्येतिहासात हा प्रश्न आपण सहसा टाळतो. ध्वनिमुद्रिकांच्या इतिहासात तो टाळता येत नाही.

‘लीफ हाउंड’ या ब्रिटिश बँडची ‘ग्रोअर्स ऑफ मश्रूम’ डेक्का कंपनीने इंग्लंडमध्ये १९७१ च्या ऑक्टोबरात काढली, तेव्हा तो बँड उरलेलाच नव्हता. गायक पीटर फ्रेंच ‘ॲटॉमिक रूस्टर’मध्ये गेला होता, त्याच्या आवाजातली त्यांची ‘इन हिअरिंग ऑफ’ बाजारात आलीही होती. ज्या मुद्रिकेमागे मैफली करणारे कोणी नाही तिची जाहिरात कोण करणार? थोड्या प्रती निघाल्या, त्याहून थोड्या विकल्या गेल्या. आज मूळ प्रतीसाठी संग्राहक हजारो पौंड मोजतात.

या बँडचे मूळ ‘ब्लॅक कॅट बोन्स’ या लंडनच्या ब्लूज-मंडळीत आहे. पॉल कॉसॉफ आणि सायमन कर्क १९६८ साली तिथूनच बाहेर पडले आणि ‘फ्री’च्या स्थापनेत सामील झाले, १९७० च्या ‘ऑल राइट नाऊ’ने त्यांना कीर्ती दिली. मागे राहिलेल्यांत पुढे फ्रेंच आणि त्याचा भाऊबंद, गिटारवादक मिक हॉल्स, येऊन मिळाले. संगीत जड झाले, नावही बदलले. लंडनच्या मेफेअर भागातील एका स्टुडिओत सारे ध्वनिमुद्रण सुमारे अकरा तासांत उरकले असे सांगितले जाते, आणि ऐकताना ते पटते. घाईचा एक रांगडा जिवंतपणा त्यात आहे. उणिवाही घाईच्याच आहेत. आठ मिनिटांवर जाणारे ‘वर्क माय बॉडी’ मधे रेंगाळते. उलट ‘फ्रीलान्स फीन्ड’मधील गिटारची आवर्तने पहिल्या क्षणापासून पकड घेतात. शीर्षकगीत तर दोन-अडीच मिनिटांचेच; सायकेडेलियाची ओसरती लाट त्यात शेवटची चमकून जाते. ब्लूज मागे पडत आहे आणि ‘हेवी’ म्हणून ओळखला जाणारा आवाज अजून साच्यात बसलेला नाही, असा तो काळ. (‘ब्लॅक सॅबाथ’ची पहिली मुद्रिका १९७० च्या फेब्रुवारीतली.)

‘हरवलेली श्रेष्ठ कृती’ हे बिरुद मात्र मला मान्य नाही. जी कोणी ऐकलीच नाही ती आपल्या काळावर प्रभाव कसा टाकणार? १९९० च्या दशकात सीडीवर पुनर्मुद्रणे निघाली. अमेरिकेत ‘कायस’सारख्या बँडमुळे ‘स्टोनर रॉक’ रूढ होत होता, आणि त्या श्रोत्यांना इथे आपला पूर्वज सापडला. काफ्काचे पूर्वसूरी काफ्कानेच घडवले, असे बोर्हेसने १९५१ साली मांडले होते. तोच न्याय इथे लागतो. वंशजांनी पूर्वज निवडला. बाजाराने त्याची किंमत ठरवली. या दोन क्रिया वेगळ्या आहेत, आणि रॉकचे हौशी इतिहासकार त्यांची सर्रास गल्लत करतात.

संग्राहकांच्या या गलबल्यात गाण्यांकडे दुर्लक्ष होते. शेवटचे गीत ‘सॉडस्ट सीझर’ घ्या. जॉर्ज सेल्डिसने मुसोलिनीवर लिहिलेल्या १९३५ मधील पुस्तकाचे नावही हेच. भुसा भरलेल्या सम्राटाचे हे नाव इतक्या दणदणीत वाद्यमेळाच्या शिरावर आहे, याची दखल मला कुठल्याही विक्रीयादीत दिसलेली नाही.