सिलिंडर शीर्ष, लहान मोटारगाड्यांचे

सिलिंडर शीर्ष : अंतर्ज्वलन-एंजिनातील सिलिंडरांची वरची बाजू बंद करणारा ओतीव भाग. कारागिरांच्या बोलीत यास ‘हेड’ म्हणतात. माथ्यावर झडपा असलेल्या एंजिनात ज्वलनपोकळी, झडपा व त्यांच्या बैठका, वायुमार्ग, ठिणगी गुडदीची भोके आणि शीतक पाण्याच्या वाटा शीर्षातच असतात. त्यामुळे ठोकळा तोच ठेवून शीर्ष बदलले, तरी एंजिनाची शक्ती, इंधनाचा खर्च व आयुष्य बदलते. ज्या गाड्यांचे उत्पादन बंद पडले आहे, त्यांच्या दुरुस्तीत म्हणूनच शीर्षाची ओळख व निवड यांना विशेष महत्त्व आहे.

इतिहास : जुन्या लहान एंजिनांत झडपा सिलिंडराच्या बाजूस, ठोकळ्यातच असत व शीर्ष म्हणजे केवळ झाकण असे. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडर गाडीतही आरंभी असेच एंजिन होते. पुढे तिला माथ्यावर झडपा असलेले १,४८९ घ. सेंमी.चे एंजिन मिळाले. महाराष्ट्रात वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने कुर्ला येथे फियाट ११०० या मालिकेतील गाड्या बनविल्या. १९७४ पासून ही गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. तिचे एंजिन १,०८९ घ. सेंमी.चे, सिलिंडराचा व्यास ६८ मिमी. व दट्ट्याची धाव ७५ मिमी. ही मापे इटलीतील १९३७ च्या फियाट एंजिनापासून चालत आलेली होती. ठोकळा बिडाचा व शीर्ष ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे होते. याच कंपनीच्या ११८ एनई या गाडीत (१९८५) निस्सानचे १,१७१ घ. सेंमी.चे एंजिन होते. कल्याणजवळील कारखान्यात १९९४ पासून प्यूजो ३०९ तयार होऊ लागली. तिच्या पेट्रोल एंजिनात कॅम दंडही शीर्षावरच असल्याने ते शीर्ष सर्वस्वी वेगळ्या घराण्याचे होय.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे कुर्ला व कल्याण यांच्याच रेल्वेमार्गावर पुढे वसलेली आहेत. उल्हासनगर १९४९ मध्ये लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांसाठी वसविले गेले. अंबरनाथला यंत्रे व आयुधे बनविणारे सरकारी कारखाने आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. शीर्ष सपाट करणे, झडपांच्या नव्या बैठका बसविणे ही कामे मोटार दुरुस्तीपेक्षा यंत्रकामाच्या अधिक जवळची असल्याने अशा पट्ट्यातील लहान यंत्रशाळांना त्यांत स्वाभाविक स्थान आहे.

ओळख : प्रथम धातू पाहतात, बिडास लोहचुंबक चिकटतो, ॲल्युमिनियमास नाही. नंतर ओतीव क्रमांक, खिळ्यांच्या भोकांची संख्या व वायुमार्गांची मांडणी तपासतात. सिलिंडराचा व्यास जुळला म्हणजे शीर्ष जुळले, असे नव्हे. ब्रिटनमधील मिनी गाडीच्या एंजिनमालिकेत हे ठळकपणे दिसते. १,२७५ घ. सेंमी. एंजिनाचे १२जी९४० या क्रमांकाचे शीर्ष ९९८ घ. सेंमी.च्या ठोकळ्यावर बसते. परंतु त्याच्या मोठ्या निष्कास झडपा ठोकळ्यावर आपटू नयेत म्हणून तेथे खाचा कोराव्या लागतात. शिवाय ओतीव क्रमांकावरून शीर्ष पूर्वी किती वेळा घासले गेले, हे समजत नाही. त्यासाठी जाडी मोजतात व पोकळीवर काच ठेवून मोजनळीने द्रव भरून तिचे घनफळ काढतात.

निवड : पद्मिनीच्या एका सिलिंडराचे घनफळ सु. २७२ घ. सेंमी. आहे. संपीडन गुणोत्तर ७·५ हवे असल्यास दट्ट्याच्या वर, गॅस्केटच्या जाडीसह, सु. ४२ घ. सेंमी. जागा लागते, ८ साठी सु. ३९. म्हणजे केवळ ३ घ. सेंमी. जागा कमी झाली की गुणोत्तर अर्ध्याने वाढते, आणि पोकळीचे तोंड सिलिंडराएवढे रुंद असेल, तर तेवढ्यासाठी १ मिमी.हूनही कमी घासणे पुरते. वारंवार घासलेल्या शीर्षामुळे एंजिन ठोके देऊ लागते व दट्ट्ये जळतात. ॲल्युमिनियम बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते. त्यामुळे पाणी संपून एंजिन तापल्यास शीर्ष वाकते. ते सरळ पट्टीने तपासतात व बसविताना मधून कडेकडे क्रमाने आवळतात.

भारतात २००० साली पेट्रोलमधील शिसे काढून टाकण्यात आले. शिशामुळे झडपांच्या बैठकांना मिळणारे संरक्षण त्याबरोबर गेले. बिडाच्या शीर्षात बैठक ओतीवातच कोरलेली असल्यास ती झिजून झडप आत रुतू लागते. तेथे कठीण पोलादी कडी बसविणे इष्ट असते. ॲल्युमिनियमाच्या शीर्षात कडी मुळातच असते. मात्र ती जुन्या प्रकारची असल्यास बदलावी लागते. कोरड्या नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या टॅक्सीत ही झीज अधिक होते.

मुंबईत नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. वीस वर्षांची मुदत संपल्याने तीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सीचालकाच्या दृष्टीने चुकीचे शीर्ष म्हणजे बुडालेले दिवस व गेलेली कमाई होती. आता हौसेने जतन केलेल्या गाड्यांसाठी मोडीतील शीर्षे वापरली जातात. त्यांपैकी पुष्कळ अनेकदा घासलेली असल्याने जाडी व घनफळ न मोजता केलेली निवड उरलेला चांगला ठोकळाही निकामी करू शकते.