हिंदनगर : कोरियातील भारतीय शांतिकार्य (१९५०–५४)

कोरियन युद्ध थांबल्यावर दोन्ही कोरियांमधील निर्लष्करी पट्ट्यात भारतीय सैन्याने सांभाळलेली युद्धकैद्यांची छावणी. मायदेशी परतायला नकार देणारे २२,६०० च्या आसपास चिनी व उत्तर कोरियाई कैदी सप्टेंबर १९५३ ते जानेवारी १९५४ या काळात येथे भारताच्या ताब्यात होते. पट्ट्याच्या उत्तर भागात विरुद्ध बाजूचे ३५९ कैदीही भारतीय पहाऱ्यातच होते. त्यांत ३३५ दक्षिण कोरियाई, २३ अमेरिकन व १ ब्रिटिश होता. हिंदनगर ही छावणी असली, तरी या नोंदीत तिच्यामागील सगळ्या प्रयत्नाचा विचार केला आहे. स्वतंत्र होऊन जेमतेम सहा वर्षे झालेल्या, अन्नधान्यासाठी परदेशाकडे पाहणाऱ्या एका देशाने जागतिक शांततेविषयीची आपली आशा येथे प्रत्यक्ष कामातून पणाला लावली. भारताच्या शांतताधोरणाची चर्चा बहुधा चीनशी झालेला पंचशील करार व बांडुंगची आशियाई-आफ्रिकी परिषद यांपासून सुरू होते. ती कोरियापासून सुरू व्हायला हवी.

युद्ध आणि भारताची भूमिका. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजा दोन्ही कोरियांना विभागणाऱ्या ३८व्या अक्षांशाच्या दक्षिणेस उतरल्या. त्या महिन्यात सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद भारताचे प्रतिनिधी बेनेगल नरसिंह राव यांच्याकडे होते. उत्तर कोरियाने आक्रमण केले, हे भारताने मान्य केले. मात्र लढायला सैन्य न पाठवता वैद्यकीय पथक पाठवले. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालील ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स हे पथक नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात पोहोचले. चिनी फौजांच्या रेट्यापुढे प्याँगयांग सोडण्याची वेळ आली, तेव्हा वाहने नसताना या पथकाने एक वाफेचे इंजिन शोधले, त्याच्या डब्यांत शस्त्रक्रियेचे सामान भरले आणि स्वतःच गाडी चालवत दक्षिण गाठली. मार्च १९५१ मध्ये पथकातील काही जण अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसान येथे विमानातून उतरले. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. तीन वर्षांहून अधिक काळ हे पथक कोरियात राहिले.

राजकीय आघाडीवर यश कमी होते. जुलै १९५० मध्ये पंतप्रधान नेहरूंनी स्टालिन व अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन ॲचेसन यांना पत्रे लिहिली. साम्यवादी चीनला संयुक्त राष्ट्रसंघात जागा द्यावी व त्या मंचावर युद्ध मिटवावे, अशी त्यांची सूचना होती. स्टालिन यांनी ती स्वीकारली, अमेरिकेने फेटाळली. पुढे ऑक्टोबरच्या सुरुवातीस एका मध्यरात्री पेकिंगमधील भारतीय राजदूत का. मा. पणिक्कर यांना चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी बोलावून घेतले. अमेरिकन सैन्याने ३८वा अक्षांश ओलांडला, तर चीन युद्धात उतरेल, असा निरोप त्यांच्याकडे दिला. तो दिल्लीमार्गे वॉशिंग्टनला पोहोचला. तेथे पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत असे मानले जात होते, त्यामुळे निरोप पोकळ धमकी ठरवला गेला. त्याच महिन्यात चिनी फौजा यालू नदी ओलांडून आत आल्या आणि युद्ध आणखी अडीच-पावणेतीन वर्षे चालले. युद्धरत राजधान्यांमध्ये निरोप्याचे काम करणाऱ्या दुबळ्या देशाचे ऐकले न जाण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

धान्याचा प्रश्न. या भूमिकेची किंमत भारताने कोणत्या परिस्थितीत मोजली, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. १९५० च्या अखेरीस भारतात गंभीर धान्यटंचाई होती. वॉशिंग्टनमधील राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांनी अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले होते. मागणी विचाराधीन असतानाच १ फेब्रुवारी १९५१ रोजी चीनला आक्रमक ठरवणारा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत मतास आला. भारताने त्याच्या विरोधात मत दिले. सोव्हिएट गटाबाहेर असे मत देणारा दुसरा देश फक्त ब्रह्मदेश होता. अमेरिकन काँग्रेसमध्ये भारताच्या धान्यावरची चर्चा त्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळली. अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. मागणाऱ्याने हात पसरलेला असताना मत मात्र स्वतःचे द्यावे, हे त्या काळी अनेकांना उद्धटपणाचे वाटले. पण आक्रमक म्हणून शिक्का मारल्यावर ज्याच्याशी तडजोड करायची तोच बोलणी सोडेल, हा भारताचा युक्तिवाद व्यवहारी होता. शिवाय धान्यासाठी मत विकले असते, तर दोन वर्षांनी कैद्यांची जबाबदारी भारताकडे सोपवावी असे उभय पक्षांना वाटलेच नसते.

कैद्यांचा पेच. शस्त्रसंधीची बोलणी जुलै १९५१ मध्ये केसाँगला सुरू झाली व पुढे पानमुनजोमला हलली. सीमारेषेचा वाद मिटला, पण कैद्यांच्या प्रश्नावर दीड वर्ष काही हलेना. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार लढाई थांबताच सर्व कैदी परत करावे लागतात. मात्र अमेरिकेच्या नेतृत्वाखाली दक्षिण कोरियाच्या बाजूने लढणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सैन्याच्या ताब्यातील सुमारे १ लाख ३२ हजार कैद्यांपैकी जवळपास ७० हजारच परत जायला तयार आहेत, असे एप्रिल १९५२ च्या पाहणीत दिसले. चिनी कैद्यांत साम्यवादविरोधी नेते चँग कै-शेक यांच्या सैन्यात पूर्वी असलेले बरेच जण होते. न जाणाऱ्यांना जबरदस्तीने पाठवायचे नाही, असे अमेरिका म्हणत होती. सगळे परत हवेत, असे चीन व उत्तर कोरिया म्हणत होते. या एका मुद्द्यावर वाटाघाटी अडल्या आणि त्या काळात रणभूमीवर हजारो माणसे मेली. छावण्यांतही भीषण मारामाऱ्या चालल्या होत्या. मे १९५२ मध्ये कोजे बेटावरील छावणीच्या अमेरिकन प्रमुखालाच, ब्रिगेडिअर जनरल फ्रान्सिस डॉड यांना, कैद्यांनी आत ओढून ओलीस ठेवले होते.

नोव्हेंबर १९५२ मध्ये भारताचे प्रतिनिधी व्ही. के. कृष्ण मेनन यांनी आमसभेत तोडगा मांडला. कोणावर बळ वापरायचे नाही, कोणाला अडकवूनही ठेवायचे नाही, कैद्यांना तटस्थ देशांच्या आयोगाकडे द्यायचे आणि तेथे त्यांना आपापल्या देशाच्या प्रतिनिधींचे म्हणणे ऐकू द्यायचे, असे त्याचे सूत्र होते. सोव्हिएट प्रतिनिधी विशिन्स्की यांनी मेनन यांच्यावर कठोर टीका केली. अमेरिकेलाही मसुदा आधी पसंत नव्हता. ३ डिसेंबर १९५२ रोजी ठराव ५४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला, पण चीनने तो नाकारला. मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारले आणि त्यानंतर चीनने बोलणी पुन्हा सुरू केली, तेव्हा तोडगा निघाला तो याच चौकटीत. २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. तटस्थ राष्ट्रांच्या युद्धकैदी परतपाठवणी आयोगात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया व भारत असे पाच देश होते. अध्यक्षपद भारताकडे होते, आणि कैदी सांभाळायला लागणारे सैन्यही एकट्या भारतानेच पाठवायचे होते.

थिमय्या आणि थोरात. आयोगाचे अध्यक्ष लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या कोडगूचे. संरक्षक दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात कोल्हापूर परिसरातील वडगावचे. दोघे जुने सोबती होते. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगाव येथील घनघोर लढाईत एकाच ब्रिगेडच्या दोन पलटणींचे ते प्रमुख होते आणि दोघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळाले होते. युद्ध जवळून पाहिलेल्या सेनानींकडे शांततेचे काम देण्याची ही निवड अत्यंत योग्य ठरली.

अडचण पहिल्या पावलापासून आली. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी जूनमध्येच पंचवीस हजारांहून अधिक कैदी परस्पर सोडून दिले होते. आता भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. त्यामुळे सुमारे सहा हजार भारतीय जवानांना इंचॉनजवळ जहाजावरूनच अमेरिकन हेलिकॉप्टरांत बसवून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. ज्यांचा प्रश्न सोडवायला आलो, त्यांनीच दार बंद केले, अशा वातावरणात काम सुरू झाले.

दक्षिणेकडच्या कैद्यांच्या कुंपणांत कट्टर साम्यवादविरोधी पुढारी होते. परत जाण्याची इच्छा बोलून दाखवणाऱ्याला ते मारहाण करीत, काहींचे खूनही झाले. रात्रीच्या वेळी तारा ओलांडून पहारेकऱ्याकडे धावत येणे, हाच अशा कैद्याचा एकमेव मार्ग होता. २५ सप्टेंबर १९५३ रोजी चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला पकडून ठेवले. कोजे बेटाची आठवण ताजी होती. गोळीबार केला असता, तर ग्रेवाल आणि शेकडो कैदी असा संहार झाला असता. थोरात निःशस्त्र आत गेले, खवळलेल्या जमावाशी बोलत राहिले आणि ग्रेवाल यांना घेऊन बाहेर आले. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र द्वितीय वर्ग, म्हणजे आजचे कीर्तिचक्र, देण्यात आले. पुढच्या काही दिवसांत मात्र कुंपण तोडू पाहणाऱ्या कैद्यांवर भारतीय पहाऱ्याला गोळ्या झाडाव्या लागल्या आणि काही कैदी मेले. हिंदनगरची कथा निव्वळ गौरवाची नाही.

समजावणीचे नव्वद दिवस. कराराप्रमाणे चीन व उत्तर कोरियाच्या प्रतिनिधींना कैद्यांपुढे नव्वद दिवस आपले म्हणणे मांडता येणार होते. ही मुदत आधीच सुरू झाली होती, प्रत्यक्ष काम मात्र १५ ऑक्टोबरला सुरू झाले. कैदी तंबूत येईनात, आले तर आरडाओरडा करून बाहेर जात. कैद्यांना बळाने आणा, असे पोलंड व चेकोस्लोव्हाकिया म्हणत. बळ वापरले, तर आम्ही आयोग सोडतो, असा स्वित्झर्लंडचा पवित्रा होता. थिमय्या यांनी बळ वापरण्यास नकार दिला. नव्वदपैकी केवळ दहा दिवस प्रत्यक्ष समजावणी झाली आणि २३ डिसेंबरला मुदत संपली.

आता कैद्यांचे काय करायचे? करारानुसार त्यांचा प्रश्न शस्त्रसंधीनंतर भरायच्या राजकीय परिषदेने सोडवायचा होता, पण परिषद भरलीच नव्हती. त्या परिषदेत भारताला जागा द्यावी या प्रस्तावाला ऑगस्टमध्ये आमसभेच्या समितीत २७ मते अनुकूल, २१ प्रतिकूल पडली होती. दोन-तृतीयांश मते मिळणार नाहीत हे दिसताच भारताने माघार घेतली. कैद्यांचा पहारा भारताने करावा, मात्र वाटाघाटीला बसू नये, असा त्याचा सरळ अर्थ होता. विकसनशील देशांकडून जागतिक सहकार्याची अपेक्षा करताना त्यांना निर्णयातील वाटा नाकारण्याची ही रीत पुढेही टिकली, आणि शांतिसेनेत सर्वाधिक जवान पाठवणारे देश आजही सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यांत नाहीत.

थिमय्या यांनी कैद्यांना स्वतः मुक्त केले नाही. तसा अधिकार आपल्याला नाही, असे सांगून २० जानेवारी १९५४ पासून त्यांनी कैदी पूर्वीच्या ताबेदारांकडे परत केले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनापतींनी तीन दिवसांत त्यांना मुक्त घोषित केले. चौदा हजारांहून अधिक चिनी कैदी तैवानला गेले, आणि २३ जानेवारी हा दिवस तेथे स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जाऊ लागला. उत्तरेकडील २१ अमेरिकन व १ ब्रिटिश चीनमध्ये गेले. भारतावर दोन्हीकडून टीका झाली. पण कराराच्या शब्दापलीकडे न जाता, कोणालाही बळाने सीमेपार न ढकलता हा प्रश्न संपवणे, याहून चांगला पर्याय त्या जानेवारीत उपलब्ध नव्हता. परत जायचे की नाही, हे कैद्याच्या इच्छेवर सोडण्याचे तत्त्व व्यवहारात टिकले, हे हिंदनगरचे खरे फलित.

दोन्ही बाजू नाकारून तटस्थ देश मागणारे ८८ कैदी भारतीय दलाबरोबर फेब्रुवारी १९५४ मध्ये भारतात आले. त्यांत ७६ कोरियाई व १२ चिनी होते. पुढे अनेक जण ब्राझील व अर्जेंटिनाला गेले, थोडे भारतातच राहिले. चोई इन-हून यांच्या ‘ग्वांगजांग’ (१९६०) या कोरियाई कादंबरीचा नायक असाच एक कैदी आहे. तो भारताकडे निघालेल्या ‘टागोर’ नावाच्या जहाजावर असतो.

नंतरचे. १९५४ च्या जिनीव्हा परिषदेनंतर हिंदचीनमधील देखरेख आयोगांचे अध्यक्षपद भारताकडे आले. १९५६ नंतर गाझामध्ये, १९६० पासून काँगोत भारतीय जवान गेले. थिमय्या सायप्रसमधील शांतिसेनेचे सेनापती असताना डिसेंबर १९६५ मध्ये तेथेच वारले. थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष. कोरियात शांतता करार अजून झालेला नाही. आजही १९५३ ची शस्त्रसंधीच लागू आहे.

या विषयात शिरू पाहणाऱ्या वाचकाने थिमय्या यांचे ‘एक्स्पेरिमेंट इन न्यूट्रॅलिटी’ आणि थोरात यांचे ‘फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट’ ही पुस्तके जोडीने वाचावीत. आयोगाच्या टेबलावर काय घडले ते पहिल्यातून समजते आणि कुंपणाजवळ काय घडले ते दुसऱ्यातून.