हिंदुराव धोंडे पाटील आणि मारुती कांबळे: खलनायक कुणाच्या लक्षात राहतो?



मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात युवकांचे दोन दिवसांचे शिबिर होते. रात्री जेवणानंतर आम्ही पडद्यावर 'सामना' दाखवला. सिनेमा संपला आणि पोरे बाहेर पडली ती निळू फुल्यांच्या आवाजाची नक्कल करत. तोच घोगरा सूर, तीच मान तिरपी करून बघण्याची ढब. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र एक गोष्ट टोचत राहिली. ज्याने कांबळेला संपवले त्याचा आवाज आमच्या पोरांच्या तोंडी बसला होता, आणि खुद्द कांबळेचा आवाज कुणालाच आठवत नव्हता.

असे का होते? मुळात खलनायक लक्षात का राहतो?

'सामना' जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचे, निर्मिती रामदास फुटाण्यांची. 1975 साली तो बर्लिनच्या महोत्सवातही गेला. हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखान्याचा, सहकाराचा आणि अख्ख्या परिसराचा धनी. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर गावात येतो, हिंदुराव त्याला घरी नेतो, खाऊपिऊ घालतो आणि आपले साम्राज्य दाखवतो. यात तेंडुलकरांची खरी हुशारी आहे. त्यांनी हिंदुरावाला राक्षस केले नाही. तो पाहुणचार करणारा, कामाला वाघ असलेला माणूस आहे. त्याने उभे केलेले खरोखर उभे आहे. आपण गावाचे भले करतो आहोत यावर त्याचा मनापासून विश्वास आहे आणि त्या भल्याच्या आड येणारा एखादा माणूस नाहीसा झाला तर त्यात गैर काय, हेच त्याला कळत नाही. मिशीला पीळ देऊन खदाखदा हसणारा खलनायक थिएटरच्या दारातच विसरला जातो. हिंदुराव विसरला जात नाही, कारण आपण त्याला कारखान्याच्या सभेत, झेडपीच्या निवडणुकीत, लग्नाच्या मांडवात पाहिलेले असते.

दुसरे कारण निळूभाऊ स्वतः. राष्ट्र सेवा दलात घडलेला, काही काळ माळीकाम केलेला, पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला उभा राहिलेला हा माणूस. 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून त्यांनी पाटील, सरपंच, सावकार असे काही रंगवले की खेड्यातल्या बाया त्यांना समोर पाहून शिव्या घालत. त्यांनी सत्ता खालून पाहिली होती. पाटील बोलताना किती हळू बोलतो, हे पाटलाला ठाऊक नसते. ते त्याच्यासमोर उभे राहणाऱ्याला ठाऊक असते. आज मोबाइलवर त्यांच्या नावाने बायकांना वाड्यावर बोलावणारे मीम फिरतात आणि आपलीच पोरे ते पुढे ढकलतात. वाड्यावर कुणाच्या आया-बहिणींना बोलावले जाई, हे एकदा घरच्या आजीला विचारून पाहावे. (आम्ही विचारले होते. आजी उठून आत गेली.)

आता त्या काळाकडे पाहू. मे 1972 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात बौद्ध स्त्रियांना विवस्त्र करून मारहाण झाली, कारण विहिरीचे पाणी. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या बावड्यात बौद्धांवर बहिष्कार पडला. त्या रागातून मुंबईत दलित पँथर उभी राहिली. वर दुष्काळ. 1974 साली अकोला जिल्ह्यातल्या ढाकळीत गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले. म्हणजे 'सामना' आला तेव्हा महाराष्ट्रात मारुती कांबळे कल्पनेतला नव्हता. कांबळे या आडनावाचा अर्थ मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. पण चित्रपटाचा सामना आहे तो हिंदुराव आणि मास्तर यांचा. एक सत्तावान, दुसरा सत्तेसाठी लढून हरलेला जुना आदर्शवादी. दोन्ही भारदस्त भूमिका त्यांच्या, आणि कांबळे त्या दोघांमधला प्रश्न. पुढे तर तो प्रश्न महाराष्ट्राच्या राजकारणात म्हणच झाला. भूखंड गायब झाला, फाईल हरवली, कुठलाही घोटाळा दडपला की पत्रकार आणि पुढारी मारुती कांबळेचे काय झाले म्हणून विचारतात. नाव उरले, त्यातून माणूस आणि जात दोन्ही निघून गेले.

तेंडुलकरांनी मुद्दाम असे केले, असा आमचा आरोप नाही. सत्ता कशी चालते हे त्यांनी दाखवले तेवढे त्या काळच्या पांढरपेशा लेखकांत फार थोड्यांनी दाखवले. मुद्दा वेगळा आहे. गोष्ट सांगणारा जिथे उभा असतो तिथून त्याला खलनायकाचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि बळीचा धूसर. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी'त हेच उलटे करून दाखवले. पुराणातला पाताळात गाडलेला बळी त्यांनी न्यायी राजा म्हणून उभा केला आणि वामनाला जाब विचारला. पुराणाने ज्याला असुर म्हटले त्याचे राज्य परत यावे म्हणून आपल्या आया दिवाळीत ओवाळतात, ही साक्ष त्यांनी काढली. खलनायक कोण हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हा प्रश्न मराठीत त्यांनीच एवढ्या जोरात विचारला.

एका चेहऱ्याचा खलनायक लक्षात राहायला सोपा आणि म्हणून धोक्याचाही. 2006 साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले ते एका हिंदुरावाने नव्हे. जमाव होता, पाहणारे होते, गप्प राहणारे होते. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने शिक्षा दिल्या, पण त्यात जात मानली नाही. आम्ही अत्याचाराच्या घटनांचा अहवाल लिहायला बसतो तेव्हा आमचीही लेखणी एक हिंदुराव शोधू लागते. तो सापडला की दळण बंद करणारा गिरणीवाला, उधारी थांबवणारा दुकानदार, तक्रार न घेणारा हवालदार हे सगळे अहवालातून निसटतात. नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त ही सवयच मोडली. तिथे खलनायक म्हणून बोट दाखवावे असा एक माणूस नाही, डुक्कर पकडताना हसणारे अख्खे गाव आहे. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड येतो तो कॅमेऱ्यावर, म्हणजे खुर्चीत बसलेल्या आपल्यावर.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांना पाने वाटली आणि मारुती कांबळेबद्दल लिहायला सांगितले. घर कुठे, पाणी कुठून भरायचा, कुणाशी पटायचे नाही. पुष्कळांनी दोन ओळींत काम उरकले. बारावीतल्या एका मुलीने पान भरून लिहिले, त्यात कांबळे कमी आणि त्याची बायको जास्त होती. नवरा नाहीसा झाल्यावर ती कुणाच्या शेतावर कामाला गेली, असे तिने शेवटी विचारले होते, आणि खाली स्वतःच उत्तर लिहिले होते: त्याच पाटलाच्या, दुसरे शेत होतेच कुठे?