बंद घराचे सरकते काचेचे दार

मुंबई-गोवा महामार्गावरील पाली हे रत्नागिरी तालुक्यातील गाव. कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथेच महामार्ग सोडतो. पाली परिसरातच नव्हे, तर साऱ्या कोकणात अशी असंख्य घरे आहेत की ज्यांचे मालक मुंबई-पुण्यात राहतात आणि घर उघडते ते गणपतीत, शिमग्यात व मे महिन्यात. जांभ्याच्या जुन्या घरांच्या जागी आता बंगले उभे राहत आहेत. पडवीची जागा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीतील सरकत्या काचेच्या दाराने घेतली आहे. या दाराने उजेड, वारा व बागेचे दर्शन घडते, यात शंका नाही. मात्र वर्षातील नऊ-दहा महिने घर बंद असेल, तर हेच दार घराचा सर्वांत दुबळा भाग ठरते.

जुन्या दाराची रचना आठवून पाहावी. जाड फळ्यांच्या दारामागे आडवा अडसर असे आणि त्याची टोके भिंतीतील भोकांत बसत. बाहेरून रेटा दिला, तरी त्याचा भार कडीवर न येता थेट भिंतीवर जाई. सरकत्या दारात सारा भरवसा असतो तो बोटभर लांबीच्या खिट्टीवर. ती पातळ पत्र्यात दोन स्क्रूंनी बसवलेली असते. पहारीच्या एका हिसक्याने ती वाकते.

दुसरा दोष बसवणीतच आहे. दाराचा पल्ला चौकटीत बसवताना तो आधी वरच्या खाचेत उचलून घालतात व मग त्याची चाके खालच्या रुळावर टेकवतात. त्यासाठी वर थोडी मोकळी जागा सोडावीच लागते. जो पल्ला उचलून बसवता येतो, तो उचलून काढताही येतो, आणि त्यासाठी काच फोडण्याचा आवाजही होत नाही. उपाय सोपा आहे. पल्ला बसवून झाल्यावर वरच्या खाचेत दोन-तीन ठिकाणी स्क्रू पिळावेत व त्यांची डोकी इतकी खाली ठेवावीत की पल्ला जेमतेम सरकेल, पण उचलला जाणार नाही. चाके झिजली की पल्ला खाली बसतो आणि वरची फट वाढते, म्हणून चाकांची उंचीही अधूनमधून तपासावी.

खालच्या रुळात काठी आडवी टाकण्याची युक्ती बहुतेकांना ठाऊक असते. हा खरे तर जुन्या अडसराचाच अवतार. परंतु ती युक्ती जशीच्या तशी आपल्याकडे पुरत नाही. आपल्याकडील दारांत बहुधा दोन्ही पल्ले सरकतात. काठीमुळे आतला पल्ला अडतो, बाहेरच्या रुळावरील पल्ला मात्र मोकळाच राहतो. त्या रुळात काठी ठेवली, तर ती बाहेरूनच उचलता येते! म्हणून दार बंद असताना दोन्ही पल्ल्यांच्या उभ्या पट्ट्या जेथे एकमेकींवर येतात, तेथे आतल्या बाजूने भोक पाडून पोलादी खीळ घालावी. भोक आतल्या पट्टीतून आरपार व बाहेरच्या पट्टीत अर्धेच असावे, म्हणजे बाहेरून खीळ दिसत नाही. एक खीळ वर व एक खाली असल्यास दोन्ही पल्ले एकमेकांना जखडले जातात. भोक पाडताना गिरमिटाचे टोक काचेला लागणार नाही, याची दक्षता अनुभवी कारागीरच घेऊ शकतो. काठी वापरायचीच असेल, तर लाकडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमची नळी बरी. कोकणच्या पावसात लाकूड फुगते व रुळातील पाणी वाहून जाण्याची छिद्रे बुजतात.

राहता राहिली काच. साधी काच फुटली की वाट मोकळी. कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच आघात अधिक सोसते, पण फुटली की तिचा बारीक चुरा होऊन सगळीच कोसळते. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच तडकली, तरी जागेवर टिकते आणि चोराला वेळ व आवाज दोन्ही खर्च करावे लागतात. नवे दार करताना हीच निवडावी. जुन्या दारास लोखंडी सरकते जाळीदार फाटक लावता येते. घरात माणसे असताना मात्र त्याची किल्ली हाताशी हवी, आग लागल्यास तीच बाहेर पडण्याची वाट असते.

बंद घराच्या मालकाने आपले विमापत्रही एकदा वाचून पाहावे. घर सलग ठरावीक दिवसांहून अधिक काळ रिकामे राहिल्यास चोरीचे संरक्षण थांबते, अशी अट अनेक विमापत्रांत असते. कंपनीला आधी कळवून काही वेळा त्यातून मार्ग निघतो. चोरी झालीच, तर काचेला वा खिट्टीला हात न लावता ११२ क्रमांकावर कळवावे व प्राथमिक माहिती अहवालाची प्रत घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ नुसार चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीस १४ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. दाराचा उखडलेला पल्ला व तुटलेली खिट्टी हा त्यातील पुरावा असतो. पंचनामा होईपर्यंत केर काढू नये, एवढे गावातील शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.