नदी म्हणजे झरा नव्हे

नागपूरच्या नाग नदीच्या घाणीचं मूळ शोधायला लोक तिच्या उगमाकडे, लाव्हा गावच्या टेकड्यांकडे जातात, महापालिकेच्या गटारांकडे जातात. मी 1860 सालच्या दंडसंहितेकडे बोट दाखवतो. कलम 277: सार्वजनिक झऱ्याचं किंवा जलाशयाचं पाणी स्वेच्छेने खराब करून नेहमीच्या वापराला कमी लायक केलं, तर तीन महिने कैद, पाचशे रुपये दंड किंवा दोन्ही. यात नदी नाही. 1881 मध्ये मद्रास हायकोर्टाने तर स्पष्टच केलं की पात्रातून अखंड वाहणारा प्रवाह म्हणजे ‘सार्वजनिक झरा’ नव्हे.

म्हणजे अंबाझरी तलाव नासवला तर गुन्हा. तेच पाणी सांडव्यावरून नाग नदीत उतरलं की या कलमातून सुटलं. (अंबाझरीच्या तर नावातच झरी. वकिलांची केवढी सोय!)

नदी का वगळली? काही म्हणतात, तिच्यासाठी सार्वजनिक उपद्रवाचं कलम 290 होतंच. होतं, पण त्यात फक्त दंड, तोही दोनशेपर्यंत. दुसरा पक्ष सांगतो, वाहतं पाणी आपसूक निवळतं अशी तेव्हाची समजूत होती. मला दोन्ही लंगडं वाटतं. दंडसंहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये कलकत्त्यात पुरा केला. तिथल्या गोऱ्या वस्तीला प्यायचं पाणी लालदिघीच्या तळ्यातून मिळे. साहेबाने स्वतःची घागर जपली, हा माझा तर्क, आणि तो सोडायला मी तयार नाही.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे: 1969 चा महाराष्ट्राचा जलप्रदूषण कायदा, मग 1974 चा केंद्राचा. त्यात ‘प्रवाह’ या शब्दात नदी आली, भूजल आलं, तूर्त कोरडा पडलेला ओढासुद्धा आला.

दंडसंहिता मात्र हलली नाही. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलम 277 ऐवजी कलम 279 लागू झालं. कैद सहा महिने झाली, दंड पाच हजार. झरा आणि जलाशय जिथल्या तिथे.

पण नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला आणि पुढे गोसीखुर्दचं धरण आहे, म्हणजे पुन्हा जलाशय! घाण नदीत सोडली तरी नासतो तो जलाशयच. ‘स्वेच्छेने’ हा शब्द आडवा येईल म्हणाल, तर परिणाम काय होणार हे ठाऊक असूनही केलेली कृती कायद्याच्या व्याख्येत स्वेच्छेचीच ठरते. हा युक्तिवाद कोर्टात टिकेल, असं मला वाटतं.