लेप कीं रंग ?

आमच्या लहानपणीं ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द घरांत एका श्वासांत उच्चारला जाई, आणि तोहि बहुधा नापसंतीनें. एखादी मुलगी आरशापुढें अंमळ जास्त वेळ उभी राहिली कीं ‘पुरे झाली ती स्नो-पावडर’ हे आजीचे शब्द कानीं येत. परंतु थंडींत नातवंडांचे गाल फुटले म्हणजे तीच आजी त्याच बाटलींतील स्नो आपल्या हातानें आमच्या तोंडास चोळी, आणि त्यांत तिला कांहींएक वावगें दिसत नसे. पुढें जुने ग्रंथ व कायदे चाळतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, आजीची ही अडचण फार जुनी असून तींत मोठमोठे वैद्य आणि न्यायाधीशहि सांपडलेले आहेत. एकच पदार्थ त्वचेची निगा राखणारा लेप केव्हां, आणि चेहऱ्यास उसनें रूप देणारा रंग केव्हां ? ही सीमा कोणीं आंखली, आणि ती आंखून काय साधलें ?

प्लेटोच्या ‘गॉर्जिआस’ या संवादांत सॉक्रेटिस प्रसाधनकलेस व्यायामाचें खोटें सोंग ठरवितो. व्यायामानें शरीरास स्वतःचें सौष्ठव येतें, रंग आणि वस्त्रें यांनीं तें उसनें आणतां येतें, असा त्याचा आक्षेप. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलेन या वैद्यश्रेष्ठानें याच भेदास शास्त्राचें रूप दिलें. अंगचें सौंदर्य राखणें हा वैद्यकाचाच एक भाग होय. अंगीं नसलेलें सौंदर्य बाहेरून आणणें ही निराळी आणि हलकी कला. पहिलीस ग्रीक भाषेंत ‘कोस्मेटिके’ व दुसरीस ‘कोम्मोटिके’ असे दोन शब्दहि होते. केस गळत असल्यास वैद्यानें उपाय सांगावा. चेहरा अधिक गोरा किंवा लाल करून मागितल्यास तें त्याचें काम नव्हे. सीमा इतकी स्वच्छ आंखल्यावर हाच गेलेन ट्रेजन बादशहाचा वैद्य क्रिटो याच्या प्रसाधनावरील चार भागांच्या ग्रंथाचा आधार घेतो, आणि राजघराण्यांतील स्त्रियांनीं मागणी केली असतां वैद्यास नाहीं म्हणतां येत नाहीं असेंहि कबूल करतो ! तत्त्व आणि वेतन यांचें हें नातें आमच्या ओळखीचें आहे. गंमत अशी कीं, गेलेननें ज्या शब्दास वैद्यकांत मानाचें स्थान दिलें त्याच्याच कुळांतील ‘कॉस्मेटिक’ हा शब्द इंग्रजींत आज वरवरच्या, दिखाऊ गोष्टीस लावतात. आणि दुसरा शब्द विद्वानांवांचून कोणाच्या स्मरणांतहि उरला नाहीं.

आपल्याकडेहि वांटणी पाहिली तर अशीच दिसते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सहा ऋतूंचे सहा मुखलेप सांगितले आहेत; चेहऱ्यावरील काळे डाग व तारुण्यपीटिका यांची गणना तेथें क्षुद्ररोगांत होते, आणि त्यांवर कुंकुमादि तैल येतें. उलट कपाळावरील विशेषक कातरणें, दांत व अंग रंगविणें हीं कामें वात्स्यायनानें चौसष्ट कलांत घातलीं. लेप वैद्याकडे, रंग नागरकाकडे. परंतु डोळ्यांत रोज सौवीरांजन घालावें असा नियम जो दिनचर्येंत येतो, त्याचें काय करावें ? तें औषध कीं काजळ ? लग्नांतील हळदीचें काय ? ती अंगास लागते तेव्हां लेप असते आणि अंगावर दिसते तेव्हां रंग असतो; नवरीस हा भेद करण्याचें कारणच नव्हतें. आमच्या आजीच्या फणीपेटींत कुंकवाच्या करंड्याशेजारीं मेणाची एक लहानशी डबी असे. आधीं कपाळास मेणाचें बोट लावावयाचें, मग त्यावर पिंजर. मेणावांचून पिंजर ठरत नसे. या मेणाकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें, कारण स्नोचें रहस्य त्याच डबींत आहे.

युरोपांत अठराव्या शतकापर्यंत उच्च कुळांतील स्त्रिया शिशापासून केलेला पांढरा रंग उघडपणें तोंडास फांशीत. कॉव्हेंट्रीची काउंटेस मरिया गनिंग ही प्रसिद्ध सुंदरी १७६० त ऐन तारुण्यांत वारली, तेव्हां या रंगानेंच तिचा घात केला असें लोक म्हणत. व्हिक्टोरिया राणीच्या काळांत तोंड रंगविणें हें नटींचें अथवा त्याहून हीन समजल्या जाणाऱ्या स्त्रियांचें लक्षण ठरलें. कुलीन स्त्रीस साबण चाले, गुलाबपाणी चाले, थंड मलम चाले. रंग मात्र चालत नसे. मग पावडरीचा हलका हात फिरवावयाचा आणि तो दिसूं द्यावयाचा नाहीं, हें साधावें कसें ?

याचें उत्तर औषधवाल्यांच्या कारखान्यांतून आलें, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. लंडनच्या बरोज वेलकम या औषधें बनविणाऱ्या कंपनीनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ‘हेझलीन स्नो’ बाजारांत आणला. अमेरिकेंतील पाँड्सचा आरंभहि १८४६ त ‘विच हेझल’ नांवाच्या झुडुपाच्या अर्कानें झाला. तो अर्क जखमांवर लावण्याचें औषध म्हणून विके. या नव्या मलमाची कृति साधी होती. स्टिअरिक आम्ल म्हणजे मेणबत्तींत असतें तेंच. त्याच्या थोड्या भागाचा क्षारानें साबण करावयाचा, आणि त्यांत ग्लिसरीन व पुष्कळसें पाणी घोटावयाचें. बोटानें चोळतांच पाणी उडून जातें, पांढरेपणा नाहींसा होतो, आणि त्वचेवर मेणासारखा न दिसणारा, न चिकटणारा पातळ थर राहतो. त्यावर पावडर छान बसते. आजीच्या डबींतील मेणानें कपाळापुरतें जें काम केलें तें स्नोनें सगळ्या चेहऱ्यासाठीं केलें.

मात्र तो विकला गेला त्वचेचें रक्षण म्हणून. पाँड्सच्या जाहिरातींनीं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्त्रियांस पटविलें कीं, त्वचेस दोन मलमें लागतात : रात्रीं स्वच्छतेसाठीं कोल्ड क्रीम, आणि दिवसा ऊनवाऱ्यापासून बचावासाठीं व पावडरीखालीं बसण्यासाठीं हें अदृश्य होणारें. एकाच वाक्यांत दोन्ही हेतु आले, आणि सीमा नकळत पुसली गेली. १९२४ त अल्वा बेलमाँट या प्रतिष्ठित व धनाढ्य बाईनें आपलें नांव या जाहिरातीस दिलें. रंगाच्या डबीस तिनें तें कधीं दिलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. मुंबईंत ई. एस. पाटणवाला यांनीं १९१९ त ‘अफगाण स्नो’ काढला. अफगाणिस्तानच्या अमिरास तें मलम पाहून आपल्या देशच्या बर्फाची आठवण झाली, अशी त्या नांवाची आख्यायिका सांगतात. स्वदेशी स्नो हाताशीं आल्यावर मध्यम वर्गांतील घरांची उरलीसुरली भीड मोडण्यास वेळ लागला नाहीं.

कायद्यानें सीमा पुन्हां आंखूं पाहिली. अमेरिकेच्या १९०६ च्या औषधकायद्यांत प्रसाधनांस जागाच नव्हती. पुढें पापण्यांच्या एका कलपानें एका स्त्रीची दृष्टि गेली, केस काढण्याच्या एका मलमांतील थॅलियम या विषानें कित्येकींचे पाय लुळे पडले, तेव्हां १९३८ चा कायदा झाला. पण त्याची कसोटी पाहावी : वस्तु काय आहे यापेक्षां ती कोणत्या हेतूनें विकली जाते, हा त्याचा मुख्य प्रश्न. रूप बदलण्यासाठीं असेल तर प्रसाधन, शरीराचें कार्य बदलण्यासाठीं असेल तर औषध. त्यामुळें उन्हापासून रक्षण करणारें मलम अमेरिकेंत औषध, तर युरोपांत आणि आपल्याकडे प्रसाधन ठरतें. आपल्या १९४० च्या औषधकायद्यांत १९६२ च्या दुरुस्तीनें प्रसाधनें आलीं, आणि व्याख्येंत शरीराची स्वच्छता व शोभा हीं दोन्ही शेजारीं बसलीं. करखात्यानें तर वादच मिटविला आहे : ३३०४ या क्रमांकाखालीं सौंदर्याचीं व रंगभूषेचीं द्रव्यें आणि त्वचेच्या निगेचीं द्रव्यें एकत्र, फक्त औषधें तेवढीं वगळून. २००३ त सर्वोच्च न्यायालयापुढें ओठांस लावण्याच्या एका मलमाचा खटला आला. तें उंच, अतिथंड प्रदेशांतील जवानांसाठीं सैन्यास पुरविलें जाई. पुरविणारा म्हणे, हें औषध आहे. न्यायालयानें निर्णय दिला कीं, ही त्वचेची निगा होय. जवानांचें मलम अशा रीतीनें नटीच्या लालीशेजारीं जाऊन बसलें.

यावर हंसतां येईल, आम्हींहि हंसलों. परंतु ही सीमा ज्यांनीं आंखली त्यांच्या मनांत नीति होती, सुरक्षितता नव्हती, हें मात्र विसरतां येत नाहीं. रंग म्हणजे लबाडी, लेप म्हणजे प्रामाणिकपणा, असें दोन हजार वर्षें शिकविल्यानें माणसें रंगाकडे संशयानें पाहूं लागलीं आणि लेपाकडे विश्वासानें. आणि विष त्या विश्वासाच्या बाजूनें आलें. पाऱ्याच्या लवणानें त्वचेंतील कृष्णवर्ण निर्माण होणें थांबतें. म्हणून तें रंगाच्या डबींत नव्हे, तर डाग घालविणाऱ्या, कांति उजळणाऱ्या मलमांत गेलें. अमेरिकेनें १९७३ त अशा मलमांतील पाऱ्यास बंदी केली. २०१३ च्या मिनामाता करारानें प्रसाधनांत दशलक्ष भागांत एक भाग ही मर्यादा ठेविली, आणि २०२३ त तीहि पळवाट ठरते म्हणून काढून टाकण्याचें ठरलें.

त्याच वर्षीं केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांत मूत्रपिंडाच्या एका विरळ विकाराचे रुग्ण एकामागून एक येऊं लागले. नेहमींचीं कारणें सांपडेनात. रुग्णांत समान असें काय आहे याचा शोध घेत वैद्य अखेर गोरेपणाच्या मलमांपर्यंत पोहोंचले, आणि त्यांत पारा निघाला. वैद्यानें कोणतीं औषधें घेतां असें विचारल्यावर तोंडास लावण्याच्या मलमाचें नांव कोणाच्या ओठीं यावें ? आमच्या आजीनेंहि तें सांगितलें नसतें.