खारेपाटाचे भात

अलिबाग-पेणच्या खारेपाटातील भातशेती ही निसर्गाने आयती दिलेली देणगी नसून समुद्राच्या मुखातून बिघ्या-बिघ्याने सोडवून घेतलेली भूमी आहे, ही गोष्ट त्या बांधांवरून नित्य ये-जा करणाऱ्यांच्याही सहसा ध्यानी येत नाही. खाडीकाठची पड लागवडीस आणू इच्छिणाऱ्यास पूर्वी सरकारातून इस्ताव्याचा कौल मिळे, आरंभी सारा नाममात्र राहून पुढे क्रमाक्रमाने चढे, आणि बांध घालून त्याची मरामत करणारा शिलोत्रीदार कुळांकडून भाताच्या रूपाने आपला हक्क वसूल करी. ही वहिवाट इंग्रजी अमदानीतही चालू राहिली. बांधाच्या पोटात बसविलेली उघाडी तर मोठ्या चातुर्याची रचना होय. भरतीच्या पाण्याचा बाहेरून रेटा आला की तिची लाकडी झडप आपोआप मिटते, आणि ओहोटी लागून आतल्या पावसाच्या पाण्याचा दाब वरचढ झाला की आपोआप उघडते. गोव्याच्या खाजणांत हिलाच मानस म्हणतात व तेथे तिची निगा गावकरी नावाच्या ग्रामसंस्थेकडे असे.

परंतु बांध कितीही भक्कम असला तरी उन्हाळ्यात जमिनीच्या पोटातील मीठ वर येऊन तिच्यावर पांढरा पापुद्रा धरतेच. म्हणून पावसाच्या पहिल्या सरींनी जमीन धुऊन निघाल्यावर मोड आणलेले बी चिखलात फेकण्याची रहू पद्धत येथे रूढ झाली, आणि बियाणेही काळा राता, भुरा राता अशा तांबड्या तांदळाच्या जातींचे राखले गेले. उधाणाने बांधाला खांड पडून शेतात खारे पाणी शिरल्यावर ज्या लोंब्या तगल्या त्यांचेच दाणे पुढील पेरणीस ठेवणाऱ्या निरक्षर कुणब्या-आगऱ्यांना मी या पिकाचे आद्य संशोधक मानतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून पुढे जे सुधारित वाण निघाले, त्यांतील काहींच्या मुळाशी हीच निवड आहे.

मध्यंतरी या जमिनींच्या व्यवस्थेतही उलथापालथ झाली: सारावसुली करणाऱ्या खोतांच्या जुलमाविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी न कसण्याचा संप केला, आणि १९४८ मध्ये मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला.

खाऱ्या जमिनीत भात तगविण्याचा तो जुनाच प्रश्न आता वनस्पतिशास्त्रज्ञ जनुकांच्या पातळीवर सोडवू पाहत आहेत. बंगालच्या नोना बोकरा भातात सोडियमला पानांपर्यंत पोचू न देणारे जनुक २००५ मध्ये ओळखले गेले. केरळच्या पोक्काळीतील तशाच गुणाचा भाग संकराने इतर वाणांत उतरविण्यात आला. आणि चेन्नईच्या स्वामिनाथन प्रतिष्ठानात अजय परिडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिवराचे जनुक थेट भातात घातले. खाऱ्या चिखलात मुळे रोवून उभ्या राहणाऱ्या झाडाचा गुण अन्नधान्याच्या रोपात आणणे हा मनुष्यबुद्धीचा थोर पराक्रम आहे, यात मला तिळमात्र संदेह नाही. तथापि सहनशील रोपालाही कोवळे असताना गोड्या पाण्याची गरज असते, आणि ते पाणी शेतात राखतो तो बांधच. ज्या खांडी वेळीच बुजविल्या गेल्या नाहीत, तेथे खारेपाटाच्या कित्येक शेतांत भाताच्या जागी आज तिवरांचेच रान माजले आहे, आणि ते संरक्षित ठरल्याने सातबाऱ्यावर नाव असूनही खातेदाराला तेथे नांगर घालता येत नाही.